पहाटेचा अग्निगोल: वडाळा शिवारातून पाहिला, आणखी कोणी पाहिला का?

वडाळा_शिवार

मंडळी, परवा पहाटे आमच्या रानातून एक मोठा अग्निगोल पाहिला. सोलापूर, धाराशिव, विजापूर, कलबुर्गी या पट्ट्यात आणखी कोणी पाहिला असेल तर इथे लिहा, त्यासाठीच हा धागा काढतोय. जरा लांबण लागेल, पण अशा गोष्टीत बारकावेच कामाचे असतात.

या आठवड्यात आमच्याकडे रात्रीची लाईट आहे. कांद्याला पाणी चालू होतं, बारा वाजल्यापासून मी एकटाच दारं धरत होतो. एक वाफा भरला, पुढच्याचं दारं मोडायला वाकलो आणि पाटातलं पाणी एकदम उजळलं. बॅटरी बंद होती. माझी सावली समोर मावळतीच्या बांधावर पडली, हातातल्या खोऱ्याच्या दांड्यासकट. आणि बघता बघता ती सावली लांबत गेली. उगवतीकडे वळून पाहिलं तर हिरवट पांढरा गोळा खाली उतरत होता, मागे नारिंगी शेपूट. शेवटी त्यातून एक बारका तुकडा सुटला. तो मागे पडून आधी विझला, पुढचा क्षणभर टिकला आणि मग तोही गेला. आवाज काही नाही. पुन्हा तसाच काळोख, आणि माझ्या पायावरून पाणी वाहतंय.

सगळं मिळून तीन सेकंद. त्यातला पहिला सेकंद तर माझी पाठच होती.

लगेच फोन काढला. ४ वाजून १२ मिनिटं. पडद्यावर सेकंद दिसत नाहीत, म्हणून कॅमेरा उघडून अंधाराचाच एक फोटो काढला. फोटोच्या माहितीत ४:१२:४० अशी वेळ आली. वळणं, खिशातून फोन काढणं यात गेलेली वीसेक सेकंदं वजा केली तर ४:१२:२०, पाच-दहा सेकंद इकडेतिकडे.

मग जिथे उभा होतो तिथेच खोरं रोवलं. गोळा जिथे विझला तिथे खाली बांधावरच्या लिंबाचा शेंडा होता, तो ध्यानात ठेवला. तारे होतेच. सिंहाच्या शेपटीचा तारा उत्तरा फाल्गुनी, त्याच्या उजवीकडे मुठीपेक्षा जरा जास्त अंतरावर तो विझला. हात ताणून मूठ धरली की आकाशातले साधारण १० अंश झाकले जातात. क्षितिजापासून मोजलं तर अडीच मुठी भरल्या, म्हणजे २५ अंश. सकाळी उजेडात खोऱ्यापाशी उभं राहून फोनच्या होकायंत्राने लिंबाची दिशा घेतली: उत्तरेपासून ९५ अंश. म्हणजे पूर्वेच्या किंचित दक्षिणेला.

एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी होटगी रस्त्यावरून मी असाच एक गोळा पाहिला होता, याहूनही मोठा. तेव्हा अर्धा तास नुसता थरारून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी एका कार्यालयात फोन केला, तर पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "किती वाजता? कुठल्या दिशेला?" मला दोन्ही धड सांगता आलं नाही. "रात्री साडेनऊ-दहा, तिकडे विमानतळाच्या बाजूला." फोन ठेवला गेला. ते आजही मला लागून राहिलंय. डोळ्यांनी पाहिलेली एवढी मोठी गोष्ट, आणि माझ्याकडे तिचा काहीही पुरावा नव्हता.

म्हणून विनंती. ज्यांनी पाहिला त्यांनी लिहा: कुठून पाहिला, घड्याळात किती वाजले होते, सुरुवात आणि शेवट कुठे, किती सेकंद, उजेड कशाइतका, रंग, तुकडे झाले का, मागे धुराची रेघ राहिली का, आणि नंतर आवाज आला का. जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणून लिहा. अंदाजाने भरू नका.

रात्रपाळी

दादा, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमवर आहे. चार वाजता चहाला बाहेर आलो होतो, पण आमच्या गेटवर मोठा हॅलोजन आहे. भिंतीवर काहीतरी लखकन चमकल्यासारखं झालं, एवढंच. सोबतचा म्हणाला वायरिंगमध्ये शॉर्ट झालं असेल. वेळ तीच. पण आकाशात काही पाहिलं असं मी म्हणू शकत नाही. हे लिहून काही उपयोग आहे का?

वडाळा_शिवार

खूप उपयोग आहे. हॅलोजनखाली उभं राहूनही भिंतीवर उजेड जाणवला, म्हणजे गोळा किती तेजस्वी होता याचा अंदाज येतो. आणि तुम्ही जे पाहिलं तेवढंच लिहिलंत, त्याबद्दल आभार मानतो. कुठली भिंत, तिचं तोंड कुठल्या बाजूला, एवढं पाहून सांगाल का?

रात्रपाळी

मावळतीची भिंत. म्हणजे उजेड उगवतीकडून आला.

बार्शीची_ताई

मी शाळेत विज्ञान शिकवते, आकाश बघायची आवड पंचवीस वर्षांची आहे. परवा झोपले होते, त्यामुळे साक्ष देता येणार नाही. पण धाग्यावर बरेच जण नवीन असतील, म्हणून शब्दांपासून सुरुवात करते.

आपण "तारा तुटला" म्हणतो, पण ताऱ्याशी त्याचा संबंध नाही. अवकाशातला खडा वातावरणात सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने शिरतो, पुढची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते, खडा आणि हवा दोन्ही उजळतात. ती उल्का. बहुतेक उल्का जमिनीपासून १२० ते ८० किलोमीटरच्या पट्ट्यातच संपतात. शुक्रापेक्षा तेजस्वी असेल, म्हणजे प्रत (तेज मोजायचा आकडा, जितका उणे तितकं तेज जास्त) उणे ४ च्या पलीकडे, तर तिला अग्निगोल म्हणायचं. आणि त्यातून काही उरून जमिनीवर पोचलं तर तो दगड म्हणजे अशनी. बातम्यांमध्ये तिन्हींना सरसकट "उल्कापात" म्हणतात, तिथून गोंधळ सुरू होतो.

दुसरं, काय नव्हतं तेही पाहायला हवं. अंतराळ स्थानक चार-सहा मिनिटं शांतपणे आकाश ओलांडतं आणि फुटत नाही. विमानाचे दिवे लुकलुकतात. सगळ्यात जास्त फसवतो तो अवकाशातला कचरा. २ एप्रिल २०२२ आठवतोय का, गुढीपाडव्याची संध्याकाळ? विदर्भापासून गुजरातपर्यंत लोकांनी आकाशात जळत्या ठिणग्यांची माळ पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूची मोठी कडी पडली. चिनी रॉकेटचा टप्पा परतताना जळाला, असं अभ्यासकांनी कक्षेवरून सांगितलं. तो प्रकार सेकंदाला साधारण सात-आठ किलोमीटरने, जवळजवळ आडवा जातो. पुष्कळ तुकडे एकमेकांना समांतर, आणि मिनिटभर दिसत राहतात. दादांनी पाहिलेला तीन सेकंदांत उभा खाली आला. तो कचरा नव्हे.

नोव्हेंबरचा मध्य आहे, तर सिंह राशीचा उल्कावर्षाव असेल का? मला नाही वाटत. सिंह वर्षावातल्या उल्का टेम्पल-टटल धूमकेतूच्या, सेकंदाला ७१ किलोमीटर. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपतात. आणि त्या वेळी त्यांचं उगमस्थान, म्हणजे त्या जिथून निघाल्यासारख्या दिसतात ती जागा, मघा नक्षत्राजवळ, नेमकं त्याच बाजूला होतं. उगमाजवळच्या उल्का आखूड दिसतात. दादांचा गोळा संथ होता, लांबवर उतरला. कुठल्या वर्षावाचा नसलेला, एकटा खडा असावा.

माळावरचा

आमच्या गावच्या ग्रुपवर सकाळी मेसेज फिरत होता की विमान पडलं. सोबत कुठलातरी परदेशातला व्हिडिओ. दोघं जण तर गाड्या घेऊन बघायला गेले, गावाच्या मागच्या माळावर पडलं म्हणत होते. शपथेवर सांगतात, टेकडीच्या मागेच उतरलं.

वडाळा_शिवार

ते खोटं बोलत नाहीत. डोळ्याला अगदी तसंच दिसतं. पण हिशेब करून बघा. गोळा ८० किलोमीटर उंचीवर असेल आणि तुम्हाला क्षितिजापासून २० अंशांवर, दोन मुठींवर, दिसत असेल, तर तो जमिनीवरच्या अंतराने २२० किलोमीटर लांब असतो. सोलापुरातून पूर्वेला २२० किलोमीटर म्हणजे पार संगारेड्डीच्या आसपास, हैदराबाद तिथून पुढे राहिलंच किती! आपल्याला वाटतं टेकडीमागे पडला.

आणि अशनी पडणार असेल तरी उजेड जमिनीपर्यंत येत नाही. साधारण २० किलोमीटर उंचीच्या आसपास किंवा त्याआधीच वेग इतका कमी होतो की तो विझतो. त्यापुढे काळा दगड अंधारात दोन-तीन मिनिटं नुसता खाली पडत असतो. जमिनीला टेकेपर्यंत जळताना पाहिला असं कोणी म्हणालं, तर खात्रीने समजा की तो क्षितिजाखाली गेला, म्हणजे लांब होता.

आणि कृपा करून तो परदेशातला व्हिडिओ पुढे पाठवू नका. एकदा तो डोक्यात बसला की लोक स्वतः पाहिलेलं विसरतात आणि व्हिडिओत पाहिलेलं सांगायला लागतात. साक्ष तिथेच बिघडते.

सातरस्ता_पंप

आमच्या नातेवाइकांचा पेट्रोल पंप आहे, चार कॅमेरे. फुटेज बघून सांगू का? एक कॅमेरा रस्त्याकडे आहे, त्यात आकाशाची पट्टी येते.

वडाळा_शिवार

आजच बघा, उद्यावर टाकू नका. बहुतेक डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेट्या, काही दिवसांनी जुन्यावर नवीन भरतात. तीन गोष्टी सांभाळा.

डीव्हीआरचं घड्याळ हमखास चुकलेलं असतं, कधी दोन मिनिटं, कधी चाळीस. म्हणून पडद्यावरची वेळ आणि मोबाईलची वेळ एकाच फोटोत येतील असा फोटो काढा. फरक किती ते त्यातून कळतं. दुसरं, पडद्याचं मोबाईलवर शूटिंग नको, मूळ फाईल पेनड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाईल दाबली जाते, बारीक तुकडे दिसत नाहीत. तिसरं, कॅमेरा हलवू नका, साफसुद्धा करू नका. त्याच जागेवरून रात्री ताऱ्यांचं किंवा चंद्राचं चित्र मिळालं तर कुठल्या ठिपक्याची दिशा काय ते मोजता येतं.

गोळा चित्रात आला नसेल तरी फुटेज ठेवा. खांबांच्या सावल्या जमिनीवर सरकताना दिसल्या तर त्यावरूनही दिशा निघते. रशियात १५ फेब्रुवारी २०१३ ला चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड फुटला. तिथे लोकांच्या गाड्यांतल्या आणि चौकांतल्या कॅमेऱ्यांवरून, अशा सावल्यांवरूनसुद्धा, त्याचा मार्ग काढला.

सातरस्ता_पंप

पाहिलं. गोळा नाही आला, पण ४:०५:५१ ला सगळा फोरकोर्ट उजळतो आणि विझतो. घड्याळाचा फोटो काढला, डीव्हीआर ६ मिनिटं ३३ सेकंद मागे आहे. म्हणजे ४:१२:२४. दादा, तुमची वेळ जमली!

वडाळा_शिवार

वाचून अंगावर काटा आला. ४:१२:२४ हीच वेळ धरू. माझ्या अंदाजापेक्षा ही पक्की.

आजीची_नात

माझी आजी म्हणायची, तारा तुटताना पाहिला तर कोणाला बोट करून दाखवायचं नाही, मुकाट्याने देवाचं नाव घ्यायचं. कोणीतरी गेलं असं समजायचं. तिने आयुष्यात किती पाहिले असतील, पडवीत झोपायची ती. एकही सांगितला नाही. हा धागा वाचताना सारखं मनात येतंय, अशा किती बायकांनी, पहाटे उठून सडा घालणाऱ्यांनी, काय काय पाहून तसंच पोटात ठेवलं असेल.

बार्शीची_ताई

फार खरं लिहिलंस गं. मी मुलांना सांगते, देवाचं नाव घे आणि घड्याळही बघ. दोन्ही होतं.

आपला जिल्हा तर रात्रीचा जागा असतो. दारं धरणारे, लूमवाले, ऊसतोडीच्या गाड्या, दूध गोळा करणारे, पुणे-हैदराबाद रस्त्यावरचे ड्रायव्हर. वर आकाश मोकळं, पाऊस कमी, डोंगर आडवे येत नाहीत. इतके डोळे उघडे असतात, पण लिहून कोणीच ठेवत नाही.

माळावरचा

एक विचारायचं होतं. चुलत्यांना दोन वर्षांपूर्वी नांगरताना काळाकुट्ट जड दगड सापडलाय, लोहचुंबक चिकटतं. अशनी आहे का? एक जण पाच हजार देतो म्हणतोय.

बार्शीची_ताई

न बघता सांगणं बरोबर नाही, पण शक्यता फार कमी. आपण सगळे दख्खनच्या काळ्या पाषाणावर राहतो. त्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे चुंबक थोडंफार ओढलं जातंच. इतर ठिकाणची चुंबकाची खूण आपल्याकडे पुरत नाही. दगडाला भोकं-पोकळ्या आहेत का, पांढरे-हिरवे स्फटिक भरलेत का ते बघा. असतील तर तो आपलाच लाव्हा. भट्टीतलं लोखंडाचं किट्टही जड आणि काळं असतं, त्यात बुडबुडे असतात. अशनीत बुडबुडे जवळजवळ नसतातच.

ताज्या अशनीची खूण म्हणजे साल. अंड्याच्या कवचासारखा पातळ, काळा, जळका थर वरून, आणि कुठे टवका उडाला असेल तर आतून फिकट राखाडी, त्यात बारीक धातूचे कण चमकतात. आमच्या वर्गात मी मुलांना बेसाल्ट फोडून दाखवते, आतूनही तो तसाच काळा निघतो. हा फरक एकदा पाहिला की विसरत नाही.

ताजा सापडलाच तर उघड्या हाताने उचलू नका, धुऊ नका, चुंबक लावू नका. चुंबकाने त्याच्या आतली मूळ चुंबकीय नोंद पुसते. जागेवर फोटो, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून, लोकेशन घ्या, मग स्वच्छ पिशवीत ठेवा. तहसीलला आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशातल्या अशनींचा संग्रह तेच सांभाळतात. आणि विकू नका हो, आधी कोणा जाणकाराला दाखवा.

महाराष्ट्रात अशनी पडतच नाहीत असंही नाही. आपल्या करमाळ्याला लागून असलेल्या जामखेडचा १८६६ सालचा अशनी नोंदलेला आहे. अलीकडचा काटोलचा, नागपूर जिल्ह्यातला. २२ मे २०१२, भर दुपारी उजेड आणि स्फोटाचे आवाज, मग गावागावांत तुकडे सापडले. लोकांनी लगेच कळवलं म्हणून ते ताजे हाती लागले आणि त्यावर आजही संशोधन चालू आहे.

अक्कलकोट_वेस

नमस्कार. मी पाहिला! धागा आज वाचला म्हणून उशीर.

मी दुधाचं काम करतो. पहाटे चारला अक्कलकोटहून मैंदर्गी रस्त्याला निघायचं असतं, घरासमोर गाडीला कॅन बांधत होतो. तोंड ईशान्येकडेच होतं. उंच, जवळजवळ सहा मुठींवर पहिल्यांदा साधा तारा चमकावा तसा दिसला, मग फुगत गेला, हिरवा झाला. खाली उजवीकडे तिरका आला. शेवटी एकदा भडकला आणि दोन झाले. मागे राखाडी रेघ राहिली, पाच-सात सेकंद असेल. विझला तिथे खाली समोरच्या आळीतली पाण्याची टाकी होती. आज सकाळी त्याच जागी उभं राहून बघितलं, फोन ६० अंश दाखवतो. उंची पावणेचार मुठी. घड्याळ बघितलं नाही, चूक झाली. पण सव्वाचारचा भोंगा अजून व्हायचा होता.

आवाज नाही ऐकला. कॅनचा खडखडाट होता.

वडाळा_शिवार

मालक, तुमच्या या दहा ओळींनी धाग्याचं सोनं केलं!

होकायंत्र गाडीजवळ धरलं होतं का? लोखंडाजवळ ते वाकडं दाखवतं. दहा पावलं लांब उभं राहून पुन्हा एकदा घ्याल का? आपल्या भागात खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांच्यात एखाद्या अंशाचाही फरक नसतो, त्यामुळे ती दुरुस्ती करायची गरज नाही. गाडीची मात्र करावी लागते.

अक्कलकोट_वेस

आत्ता जाऊन आलो. गाडीपाशी ६०, लांब जाऊन ६१.

वडाळा_शिवार

छान. आता बघा काय होतं.

नकाशावर माझ्या बांधापासून ९५ अंशांची रेघ ओढली, तुमच्या दारापासून ६०-६१ अंशांची. दोन्ही रेघा उमरग्याच्या जरा दक्षिणेला, आठ-दहा किलोमीटरवर, एकमेकींना कापतात. म्हणजे तो बिंदू माझ्यापासून साधारण ८६ किलोमीटर, तुमच्यापासून ५४.

आता उंची. माझ्याकडून ८६ किलोमीटरवर २५ अंश, म्हणजे ४० किलोमीटर. तुमच्याकडून ५४ किलोमीटरवर साडेसदतीस अंश, म्हणजे ४१. दोन वेगळ्या माणसांनी, एकाने कांद्याच्या वाफ्यातून आणि एकाने दुधाच्या गाडीशेजारून, हाताच्या मुठीने मोजलंय, आणि उत्तर एकच. कागदावर हे आकडे शेजारी शेजारी आले तेव्हा मी बायकोला उठवून दाखवले.

पण मर्यादाही सांगतो. माझी दिशा ५ अंशांनी चुकली असेल तर ८६ किलोमीटरवर साडेसात किलोमीटरची चूक होते. मुठीची उंचीही तेवढीच सैल. आपण दोघंच, आणि सुरुवात फक्त तुम्ही पाहिलीत, त्यामुळे पूर्ण मार्ग निघत नाही. कुठे काही पडलं असेल का, हे यावरून बोलणं उतावीळपणा होईल. तिसरी साक्ष हवी, शक्यतो उत्तरेकडून. लातूर, निलंगा, औसा, उदगीर, कोणी आहे का?

मधल्या काळात दोघांनी आपापला फॉर्म भरू. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना, म्हणजे आयएमओ, यांच्या संकेतस्थळावर अग्निगोल कळवायचा फॉर्म आहे, फुकट. जागा नकाशावर दाखवायची, वेळ टाकायची, तोंड कुठे होतं, कुठे सुरू झाला, कुठे संपला हे चित्रावर सरकवून दाखवायचं. वेळेला जपा. भारतीय वेळ निवडली आहे ना ते दोनदा बघा, जागतिक वेळ मागितली तर साडेपाच तास वजा. आपली पहाटेची ४:१२ म्हणजे तिथे आदल्या दिवशीची रात्री १०:४२. इथे तारीख चुकली की तुमची नोंद दुसऱ्याच घटनेत जाते. एकाच गोळ्याच्या नोंदी जुळल्या की ते स्वतः मार्ग काढून नकाशावर टाकतात. अजून एक, एकमेकांचं बघून आकडे जुळवायचे नाहीत. तुम्ही ६१ लिहिलंत तर ६१ च टाका.

पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेलाही कळवतोय. १९४४ पासून ही मंडळी हौशी निरीक्षकांना धरून आहेत.

कॉलेज_गच्ची

मी इंजिनिअरिंगला आहे, केगावच्या बाजूला राहतो. ग्लोबल मिटिओर नेटवर्क म्हणून एक प्रकल्प आहे. रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक आणि एक साधा सुरक्षा कॅमेरा गच्चीवर लावायचा, तो रात्रभर आकाश बघतो आणि उल्का आपोआप टिपतो. दोन ठिकाणी लावले आणि दोघांना एकच आकाश दिसत असेल तर त्या खड्याची सूर्याभोवतीची कक्षा निघते. एक मी लावायच्या खटपटीत आहे. बार्शीत कोणी तयार होईल का? सत्तरेक किलोमीटर अंतर चांगलं आहे.

बार्शीची_ताई

आमच्या शाळेची गच्ची आहे, मुख्याध्यापकांशी बोलते. मुलं रोज सकाळी आदल्या रात्रीचं काय सापडलं ते बघतील. १९५९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात प्रिब्रामचा अशनी असाच सापडला. दोन ठिकाणच्या कॅमेऱ्यांत मार्ग आला, कक्षा निघाली आणि मग दगड हाती लागले. जगात पहिल्यांदा. तुझा फोन मला निरोपातून पाठव.

आणि सगळ्यांना, डिसेंबरच्या १३-१४ च्या रात्री मिथुन वर्षाव आहे. ऑगस्टचा ययाती वर्षाव आपल्याकडे ढगातच जातो, त्यामुळे खरा हात बसवायचा तो डिसेंबरात. उल्का सेकंदाला ३५ किलोमीटर, म्हणजे डोळ्याला सापडणाऱ्या, आणि तेजस्वी. त्यांचं मूळ धूमकेतूत नाही, फेथॉन नावाच्या लघुग्रहात आहे, तो सापडला १९८३ मध्ये. घोंगडी घ्या, वीस मिनिटं मोबाईल बंद ठेवा म्हणजे डोळे काळोखाला सरावतील. प्रत्येक उल्केची मुठीने उंची मोजायचा सराव करा. नान्नजच्या अभयारण्यात मात्र कोणी रात्री शिरू नका, ती माळढोकांची जागा आहे. आपापल्या रानात बसा.

उमरगा_नाका

मी पुण्यात असतो, गाव उमरग्याच्या दक्षिणेला. धागा वाचून चुलत्यांना फोन लावला. त्यांनी पाहिलाय! म्हणाले, अंगण दिवसासारखं झालं, वर बघेपर्यंत गेलं. अगदी डोक्यावर, जरा दक्षिणेला. भांबावून थोडे थांबले, मग आत जाऊन गॅसवर चहाचं आधण ठेवलं. आधण गुणगुणायला लागलं तेव्हा लांब ढग गडगडल्यासारखा आवाज आला, दोनदा, आणि पत्र्यावरची कौलाची कपची हलली. ढग तर नव्हतेच. त्यांना वाटलं कुठे खाणीत सुरुंग उडाला.

वडाळा_शिवार

काकांना माझा नमस्कार सांगा. आवाज सेकंदाला साधारण तीनशेवीस-तीस मीटर जातो, एका किलोमीटरला तीन सेकंद. ४० किलोमीटर वर फुटला असेल तर बरोबर खाली उभ्या असलेल्या माणसाला दोन मिनिटांनंतर ऐकू यायला हवा. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, उजेड विझला की पाच मिनिटं कान देऊन थांबा. आणि फार मोठा उजेड असेल तर काचेच्या खिडकीपाशी जाऊ नका. चेल्याबिन्स्कला जवळपास १५०० माणसं जखमी झाली, बहुतेक काचांनी, कारण उजेड बघायला खिडकीशी आली आणि धक्का नंतर पोचला.

काकांना एक करायला सांगाल? उद्या पहाटे त्याच जागी अंगणात उभं राहून घड्याळ लावायचं. तेवढंच थांबायचं, आत जायचं, तेच भांडं, तेवढंच पाणी, तोच गॅस. आधण गुणगुणलं की वेळ बघायची. आपले हे आकडे त्यांना आधी सांगू नका.

उमरगा_नाका

केलं काकांनी. दोन वेळा केलं, काकू घड्याळ धरून होत्या. पहिल्यांदा २ मिनिटं १० सेकंद, दुसऱ्यांदा २ मिनिटं २५. आकडे त्यांना नंतर सांगितले. काका म्हणाले, फॉर्ममध्ये माझंही नाव घाला, आणि परत कधी आला तर उठवायला कोणाला फोन करायचा ते सांगा.

वडाळा_शिवार

मला करा. किती वाजले असतील ते बघायचं नाही.

काकांची नोंद त्यांच्याच तोंडून, वेगळ्या फॉर्ममध्ये भरू. तुम्ही पुण्यातून टाईप करा, ते फोनवर सांगतील. आणि अंगणात ते नेमके कुठे उभे होते तिथे एक खुंटी मारून ठेवायला सांगा.